शनिवारी रात्रीचा तो तास परत द्या

महाराष्ट्रातल्या खासगी एफएम वाहिन्यांच्या कार्यक्रमप्रमुखांना आणि संगीत व्यवस्थापकांना,

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या एका खासगी वाहिनीवर शनिवारी रात्री हिप-हॉपचा एक तास असायचा. गेल्या महिन्यात तो बंद झाला. त्या वेळेला आता मुख्यालयात आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला कार्यक्रम लागतो, आणि तोच कार्यक्रम त्याच वेळी आणखी कितीतरी शहरांत ऐकू येतो. त्याच्या नावात ‘गली’ आहे. निवेदक दर दोन गाण्यांनंतर येतो, सिनेमातल्या मुंबईच्या पोरासारखा बोलतो, ‘असली हिप-हॉप’ म्हणतो आणि पुढचं गाणं लावतो. गली कुठली, गाव कुठलं, गाणं कोणी लिहिलं, बीट (शब्दांखाली वाजणारं संगीत) कोणी बनवली, यातलं काहीच कळत नाही. मराठी रॅप त्या तासात नाही. नाशिक तर नाहीच नाही.

बंद झालेल्या तासात गाणी निवडणं, मिक्स करणं आणि पुढे पुढे माइकवर बोलणं ही कामं माझ्याकडे होती. मानधन नावापुरतंच होतं. माझं घर लग्नाच्या आणि हळदीच्या सुपाऱ्यांवर चालतं, तेव्हा पोटावर पाय आला म्हणून मी हे लिहीत नाही. वाहिनीचं नावही मुद्दाम घेत नाही. जे नाशिकला झालं तेच थोड्याफार फरकाने नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या माझ्या मित्रांनी अनुभवलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि तुमच्या श्रोत्यांनाही वाचता यावं म्हणून उघड.

तो तास कोण ऐकत होतं ते आधी सांगतो. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला असलेली पोरं. सिडकोत भाड्याच्या खोल्यांत राहणारी, मूळची धुळ्या-नंदुरबारकडची मंडळी. रिक्षावाले. अभ्यासिकेतून उशिरा घरी परतणारे विद्यार्थी. ही माणसं नुसती ऐकत नव्हती, पाठवतही होती. सिडकोतल्या एका पोराने अहिराणीत केलेलं गाणं फोनवरून पाठवलं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन त्याने ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं होतं. तरी दुसऱ्या कडव्यात मागे कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू येत होती. कंपनीची बस चुकली की त्या दिवसाचं काय काय हातातून जातं, एवढाच गाण्याचा विषय. शिट्टी काढून टाकता आली असती. मी ती ठेवली, कारण ती नेमकी ठेक्यावर पडत होती. शनिवारी ते गाणं लागलं तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती, फोनला इअरफोन लावून, कारण त्या वायरशिवाय फोनवरचा एफएम पकडत नाही. पुढच्याच आठवड्यात त्या भागातून आणखी गाणी आली. काही फारच कच्ची होती. दोन-तीन अशी होती की मी ती पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

माझं म्हणणं एवढंच आहे. रेडिओवरच्या हिप-हॉपचा खरेपणा निवेदकाच्या ढबीवर ठरत नाही. तो काय लावतो, का लावतो, त्याला त्यातलं किती कळतं आणि उद्या सकाळी त्याच गावात त्याला तोंड दाखवायचं आहे की नाही, यावर ठरतो. तुम्ही हे सगळं काढून घेतलं आणि ढब तेवढी ठेवली.

पहिली तक्रार त्या ढबीचीच. माझ्या लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधलं निवेदन, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून घेतल्या जायच्या. काचेपलीकडून सूचना यायची, ‘थोडं रॉ कर, मास्तरासारखं वाटतंय.’ मी नाशिकरोडचा. आमच्या घरात, आमच्या नाक्यावर जसं बोलतात तसं बोलत होतो. रॉ म्हणजे कसं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सिनेमा बघितलास ना? तसं.’ शेवटी जी लिंक पास झाली ती ऐकून घरच्यांनी विचारलं, हा कोण बोलतोय?

सिनेमा कोणता ते सगळ्यांना माहीत आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला ‘गली बॉय’ लागला आणि देशभर लोकांना मुंबईच्या रॅपची ओळख झाली. ती चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच्या कितीतरी आधी कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन हे रॅपर आपापल्या वस्तीबद्दल लिहीत होते. ‘मेरे गली में’ हे त्यांचं गाणं २०१५ चं. ती भाषा त्यांची आहे, कारण ते तिच्यात वाढले. धारावीत डोपाडेलिक्स या गटाची पोरं हिंदी, मराठी आणि तमिळ एकाच गाण्यात आणतात, कारण धारावीत या तिन्ही भाषा एकाच नळावर ऐकू येतात. तीच हिंदी नाशिकच्या, सोलापूरच्या, अकोल्याच्या निवेदकाच्या तोंडी बसवली की ती कुणाचीच राहत नाही. कॅन्टीनमध्ये सुंदर वऱ्हाडी बोलणारे निवेदक मी पाहिले आहेत. माइकचा फेडर वर गेला, आवाज हवेवर जायला लागला, की त्यांचा गळा बदलतो, हातवारेसुद्धा बदलतात. त्यांना हे हौसेने करावंसं वाटत नाही. तसं केलं नाही तर लिंक पास होत नाही, म्हणून ते करतात. घरच्या बोलीत बोललो तर आपण गावंढळ ठरू, ही भीती तुमच्या स्टुडिओत शिकवली जाते. ज्या संगीताने जगभरच्या पोरांना आपल्या वस्तीचं नाव छाती काढून घ्यायला शिकवलं, त्याच संगीताच्या नावाने हे व्हावं याचा मला मनापासून राग येतो.

हिप-हॉपची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो दिवस या संगीताचा वाढदिवस मानतात. हर्क जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला. गाण्यातला जो तुकडा ऐकून लोक नाचायला उठतात तोच तुकडा दोन रेकॉर्डवर लांबवत न्यायचा, हे त्याचं कसब. म्हणजे या संगीताचा पहिला माणूस डीजे होता, रॅपर नंतर आला. रॅप रेडिओवर आलं तेही कुणाच्या मेहेरबानीने नाही. मिस्टर मॅजिक नावाच्या निवेदकाने डब्ल्यूएचबीआय या छोट्या स्टेशनवर वेळ विकत घेऊन रॅप लावायला सुरुवात केली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डब्ल्यूबीएलएस या मोठ्या स्टेशनने त्याला बोलावून घेतलं.

आणि ‘आपला’ कोण, ‘बाहेरचा’ कोण हा वाद तिथेही होता. १९९० ते १९९८ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या स्टेशनवर मध्यरात्रीनंतर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम लागायचा. स्ट्रेच मॅनहॅटनमधला गोरा मुलगा, बॉबिटो पोर्तो रिकन घरातला. काळ्या वस्त्यांमधून आलेल्या संगीतात एका गोऱ्या मुलाला जागा कशी मिळाली? त्याने काळ्या मुलाचा आवाज काढला म्हणून नक्कीच नाही. तो रेकॉर्ड शोधायचा, ऐकायचा, निवडायचा, आणि आलेल्या पोराला माइक द्यायचा. नास, नोटोरियस बीआयजी, जे-झी, वू-टँग क्लॅन ही मंडळी मोठी होण्याआधी त्या छोट्याशा स्टुडिओत येऊन गेली. लोकांनी त्या दोघांच्या कानावर विश्वास ठेवला.

आता दुसरी तक्रार, जी मला सगळ्यांत जास्त सलते. तुम्ही डीजेकडून निवड काढून घेतली. हेडफोन एका कानाला, दुसरा कान मॉनिटरकडे, चालू गाण्याचा शेवट येण्याआधी पुढच्या गाण्याचा किक (ड्रमचा जाड ठोका) त्याच्याखाली सरकवायचा, वेग जुळेपर्यंत बोटाने तबकडी हलकेच मागे-पुढे धरायची, मग क्रॉसफेडर सरकवून एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायचं. पण हे हाताचं काम झालं. खरं काम त्याच्या आधी असतं. अमरावतीच्या पोराच्या गाण्यानंतर पुण्याच्या पोराचं लावायचं की ब्राँक्सचं, आणि त्या दोघांमध्ये काय बोलायचं. त्या दोन गाण्यांत नातं काय आहे हे डीजेला दिसलेलं असतं, आणि ते ऐकणाऱ्याला दिसावं म्हणून तो ती शेजारी ठेवतो. मुख्यालयातून आलेला लॉग, म्हणजे गाण्यांची ठरलेली यादी, स्क्रीनवर आपोआप पुढे सरकत असेल, तर डीजेने तिथे बसायचं कशाला?

तुम्ही म्हणता, रिसर्च आहे. श्रोत्यांना फोन करून गाण्याचे तुकडे ऐकवतो, जे ओळखीचं वाटतं तेच लावतो. पण जे अजून कुठे लागलेलंच नाही ते ओळखीचं कसं वाटेल? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाडांनी असा रिसर्च केला असता तर ‘गीतरामायण’ झालं असतं का? आधी कुणीही न ऐकलेलं नवं गाणं दर आठवड्याला, वर्षभर. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची, आणि ठरल्या वेळी ते हवेवर जायचं. अशी ५६ गाणी झाली. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, असं आमचे आजोबा सांगायचे. ते धाडस आपल्याच मातीतल्या रेडिओने केलं होतं. मी तुमच्याकडे वर्षभराची मालिका मागत नाही. आठवड्यातला एक तास मागतो, तोही रात्रीचा.

तिसरी गोष्ट मराठीची. मुंबईच्या एफएमवर मराठी गाणी लागत नाहीत ही तक्रार जुनी आहे, तिच्यावर आंदोलनंही झाली. मला त्या राजकारणात जायचं नाही. मी फक्त विचारतो की ज्या संगीताचा सगळा जीव भाषेत आहे, ते महाराष्ट्रात मराठीवाचून कसं काय चालतं? अमरावतीचा रॅपर हंड्रेडआरबीएच आहे. पुण्याचा संबाटा आहे. मुंबईतल्या स्वदेशी या गटाने आरेच्या जंगलातल्या वारली लोकांची बाजू मांडताना प्रकाश भोईर यांना, म्हणजे त्याच जंगलातल्या माणसाला, गाण्यात आणलं. त्याच गटातला एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्या आठवड्यात तुमच्यापैकी किती जणांनी त्याचं एक तरी गाणं लावलं? २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने बाजारात आणलं. ते रॅप नव्हे, हाउस म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, पण मुद्दा तोच. ते लोकांपर्यंत पोचलं ते फोनवरून. परदेशातल्या कंपनीला मराठी गाण्यात दम दिसतो आणि आमच्या शहरातल्या वाहिनीला जाहिरातदाराची काळजी वाटते.

मराठी म्हणजे तरी एकच मराठी नव्हे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, कोल्हापूरची रांगडी बोली, हे सगळं आज पोरं रॅपमध्ये आणत आहेत. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असं सरकारने सांगितलं. त्या यादीत लातूर, चंद्रपूर, यवतमाळसारखी गावं आहेत. तिथेही उद्या मुख्यालयातलाच कार्यक्रम लागणार असेल तर लातूरला नवी वाहिनी मिळाली असं कुणी म्हणू नये.

चौथी तक्रार थोडी वेगळी आहे. ती आपल्याच माणसांच्या एका सवयीबद्दल आहे. मराठी रॅपबद्दल बोलायची वेळ आली की तुमचे निवेदक हमखास म्हणतात, ‘रॅप म्हणजे काय, आपला पोवाडाच!’ ऐकायला छान वाटतं, पण यात दोघांचाही अपमान आहे. पोवाड्याची घडण वेगळी, डफ-तुणतुण्याचं अंग वेगळं, प्रसंग वेगळा. रॅप ब्राँक्सच्या काळ्या आणि लॅटिनो पोरांनी घडवलं, पडीक इमारतींच्या आणि बेकारीच्या काळात. ते त्यांचं आहे हे आधी स्पष्ट म्हणावं, मग आपलं नातं सांगावं. आणि नातं आहेच, त्यासाठी ओढूनताणून काही जोडावं लागत नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन. म्हणजे हर्कच्या त्या पार्टीच्या आधीच इथल्या आणि तिथल्या वस्त्यांचं एकमेकांकडे लक्ष होतं. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या फडांमध्ये सवाल-जबाबाचे सामने व्हायचे, रात्र रात्र. आमच्या नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला वामनदादा कर्डक जन्मले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून भीमगीतं गायली, आणि ती आजही वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ आहेत. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांनी यमक जुळवायला शिकलं ते त्या गाण्यांमधून, अमेरिकेच्या रेकॉर्ड त्यांनी नंतर ऐकल्या. हे सगळं हवेवर सांगण्यासारखं आहे. पण सांगायला माहिती लागते, आणि त्याआधी निवेदकाला तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो.

पाचवी तक्रार ही भीतीबद्दल आहे. एका पोराने काळाराम मंदिर सत्याग्रहावर रॅप केलं होतं. मार्च १९३० मध्ये सुरू झालेला तो सत्याग्रह, त्याच्या पणजोबांच्या आठवणीतून आलेला. शिवी एक नाही, कुणाच्या श्रद्धेवर शब्द नाही. शाळेच्या पुस्तकात आहे तेवढाच इतिहास, फक्त घरच्या तोंडून. गाणं परत आलं, शेरा एकच: ‘पॉलिटिकल वाटतं.’ खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत आणि आकाशवाणीची संहिता पाळावी लागते, हे मला माहीत आहे. पण त्या संहितेत इतिहासावरच्या गाण्याला कुठेही बंदी नाही. ही बंदी तुम्ही स्वतःच घालून घेतली आहे. घाबरून काढून टाकलेलं गाणं आणि कच्चं म्हणून नाकारलेलं गाणं यांतला फरक पोरांना बरोबर कळतो. त्या पोराने त्यानंतर आमच्याकडे काही पाठवलं नाही.

याचा शेवट कुठे होतो तेही अमेरिकेने दाखवलं आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ स्टेशनं असावीत यावरची मर्यादा काढून टाकली. आधी ती चाळीसची होती. काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनल या कंपनीकडे बाराशेहून अधिक स्टेशनं आली. त्यातलंच एक, सॅन फ्रान्सिस्कोचं केएमईएल हे स्टेशन स्वतःला लोकांचं स्टेशन म्हणवायचं, आणि होतंही तसंच. तिथे डेव्ही डी हा हिप-हॉपचा जाणकार पत्रकार आणि डीजे लोकांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम करायचा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर आलेल्या युद्धाच्या ठरावाविरुद्ध एकटीने मत देणाऱ्या खासदार बार्बरा ली यांना त्याने कार्यक्रमात बोलावलं होतं. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. श्रोते रस्त्यावर आले, कारण त्यांच्या शहराबद्दल बोलणारा माणूस गेला होता. स्टेशन चालू राहिलं, गाणीही चालू राहिली. आपल्याकडे अजून ते टोक आलेलं नाही. पण एका ठिकाणी रेकॉर्ड करायचं आणि दहा ठिकाणी लावायचं हा रस्ता तिकडेच जातो.

दोन गोष्टी थोडक्यात. श्रेयाचं म्हणाल तर आकाशवाणीवर ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या कुणालाही आठवेल, निवेदिका गायकासोबत गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव घ्यायच्याच. तुमच्या हिप-हॉप कार्यक्रमात बीट बनवणाऱ्याचं नाव कधीच येत नाही, आणि या संगीतात अर्धं काम त्याचं असतं. दुसरं, रॅप करणाऱ्या मुलींना फक्त महिला दिनाला बोलावणं थांबवा. त्यांच्याकडे बाकीचे आठवडे सांगण्यासारखंही पुष्कळ आहे.

तुमची बाजू मला समजत नाही असं नाही. जाहिराती मोबाइलकडे वळल्या आहेत, लायसन्स फी भरायची आहे, माणसं कमी केली आहेत. एकाच माणसाकडून सहा शहरांचं काम करून घेतलं की महिन्याचा हिशोब बसतो. पण श्रोत्याच्या फोनवर जगातली सगळी गाणी आहेत. ती लावण्यासाठी त्याला तुमची गरज उरलेली नाही. त्याच्या गावातलं, अजून कुठेच न आलेलं गाणं, त्याच्या गावातल्या माणसाने निवडलेलं, एवढंच तुम्ही देऊ शकता. फोनला ते जमत नाही, आणि तेच तुम्ही बंद करत आहात.

आमच्या मागण्या या.

प्रत्येक शहरात आठवड्यातून निदान एक तास हिप-हॉपचा कार्यक्रम त्याच शहरात तयार व्हावा, तिथेच राहणाऱ्या माणसाने करावा, आणि तो नेटवर्कवरच्या कार्यक्रमाने झाकला जाऊ नये.

त्या तासातली गाणी डीजेने निवडावीत. संहितेचं पालन झालं की नाही ते तुम्ही तपासा, तो तुमचा अधिकार आहे. गाणं ओळखीचं आहे का, हा निकष मात्र त्या तासापुरता बाजूला ठेवा.

निवेदकाला आपल्या बोलीत बोलू द्या. ‘रॉ कर’, ‘गली टाइप कर’ अशा सूचना देणं बंद करा. कुणाला मुंबईची हिंदी खरोखर येत असेल तर त्याने ती खुशाल बोलावी, कारण ती त्याची आहे.

तासातली निम्मी गाणी मराठीत आणि तिच्या बोलींमध्ये असावीत, आणि त्यातली काही तरी अजून कुठे प्रसिद्ध न झालेली. गाणी पाठवायचा पत्ता हवेवर सांगा. नाकारलेल्या गाण्यामागचं कारण दोन ओळींत का होईना, पाठवणाऱ्याला कळवा.

लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याचं आणि बीट बनवणाऱ्याचं नाव प्रत्येक गाण्यानंतर घ्या.

आणि डीजेला कामाचे पैसे द्या. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे उत्तर आता पुरे झालं.

यातली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी नवा स्टुडिओ किंवा नवी परवानगी लागेल. तुमचं पुढच्या तिमाहीचं वेळापत्रक अजून ठरायचं आहे. ते ठरण्याआधी आम्हाला भेटीची वेळ द्या. नाशिक, अमरावती, पुणे आणि मुंबईतले आम्ही काही डीजे आणि रॅपर सोबत येऊ, वर्षभर पुरतील एवढी गाणी घेऊन. भेटायचं नसेल तर लेखी उत्तर द्या, आम्ही ते जसंच्या तसं सगळ्यांसमोर ठेवू.

आपला,
बंद झालेल्या कार्यक्रमाचा एक डीजे
नाशिकरोड